साथीची पहिली वर्दी प्राण्यांकडून

प्लेगच्या काळात गावोगावी एक साधा नियम पाळला जात असे. घरात किंवा धान्याच्या कोठारात उंदीर मरून पडू लागले, की लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहायला जात. त्या गावांत ना सूक्ष्मदर्शक होता, ना प्रयोगशाळा; पण आधी उंदीर पडतात आणि पाठोपाठ माणसे, एवढे निरीक्षण लोकांनी अनुभवातून केलेले होते. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा तेथेही उंदरांचे मरणे नजरेस आले होते. या निरीक्षणामागचे शास्त्र पॉल-लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांतून मांडले. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडणारे शरीर सोडून नवा आश्रय शोधतात आणि तो आश्रय अनेकदा माणूस असतो.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावातही नेमके हेच घडले. पिसवांचा उपद्रव आणि उंदरांचे मरणे आधी, गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण नंतर. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर मोकळ्या पडलेल्या घरांत आणि साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असे स्पष्टीकरण तज्ज्ञांनी तेव्हा दिले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची घबराट पसरली आणि लाखो लोकांनी ते शहर सोडले.

कोविडच्या महासाथीनंतर प्रयोगशाळा, लसी, प्राणवायूचे प्रकल्प आणि अतिदक्षता विभाग यांवर जगभर भरपूर चर्चा झाली. ती आवश्यकच होती. मात्र ही सारी तयारी रुग्ण इस्पितळात पोहोचल्यानंतरची आहे. प्राण्यांकडून येणाऱ्या आजारांची पहिली खूण बहुतेकदा त्याआधी दिसते आणि ती इस्पितळाबाहेर दिसते: जंगलात, गोठ्यात, कोंबड्यांच्या शेडमध्ये किंवा काजूच्या बागेत. ती खूण कोण पाहतो, पाहिल्यावर कोणाला सांगतो आणि सांगितल्यावर कोणी हालचाल करते की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

विषाणू उडी कशी घेतो?

माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे ६० टक्के आजारांचे मूळ प्राण्यांत आहे, तर नव्याने उद्भवणाऱ्या आजारांत हे प्रमाण सुमारे ७५ टक्के असल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटना सांगते. याचा अर्थ प्राण्यांमधला प्रत्येक विषाणू माणसाच्या मुळावर उठला आहे, असा नव्हे. बहुतेक विषाणू आपापल्या आश्रयदात्या प्राण्यात वर्षानुवर्षे सुखेनैव नांदतात आणि त्या प्राण्यालाही फारसे आजारी पाडत नाहीत.

धोका तीन पायऱ्यांनी वाढतो. पहिल्या पायरीवर विषाणू प्राण्यातून माणसात येतो, पण तेथेच थांबतो. रेबीज हे त्याचे परिचित उदाहरण. दुसऱ्या पायरीवर तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, पण ही साखळी लवकर तुटते. निपाह आजवर याच पायरीवर राहिला आहे. तिसऱ्या पायरीवर तो माणसांत इतका रुळतो, की त्याला मूळ प्राण्याची गरजच उरत नाही. डुकरांमधील विषाणूंपासून तयार झालेल्या इन्फ्लुएन्झाने २००९ मध्ये ही पायरी ओलांडली. मेक्सिकोत आढळलेला तो ‘स्वाइन फ्लू’ काही महिन्यांत जगभर पसरला आणि भारतातील पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला.

पहिल्या पायरीवर विषाणू रोखणे स्वस्त असते, तिसरीवर ते जवळपास अशक्य होते. पण पहिली पायरी डॉक्टरांच्या नजरेत क्वचितच येते. ती दिसते गुराख्याला, वनरक्षकाला आणि कोंबड्या पाळणाऱ्याला.

क्यासनूरची माकडे आणि पुण्याची प्रयोगशाळा

या बाबतीत भारतातील सर्वांत बोलके उदाहरण सह्याद्रीच्या रांगेतच आहे. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे आणि वानरे मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांत तीव्र ताप, असह्य अंगदुखी आणि काही रुग्णांत रक्तस्राव अशी लक्षणे दिसू लागली. दक्षिण अमेरिकेत माकडांचे मरणे ही पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाते. त्यामुळे भारतात पीतज्वर शिरला की काय, अशी शंका प्रथम आली.

पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने स्थापन झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या आजाराचा शोध घेतला. तो पीतज्वर नव्हता. रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा हा नवाच विषाणू होता. त्याला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे नाव मिळाले. आपल्याकडे तो ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो.

नावामुळे दोष माकडाच्या माथी येतो, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. हा विषाणू जंगलातील उंदीर, चिचुंद्री यांसारखे छोटे प्राणी आणि त्यांच्यावरच्या गोचिडी यांच्यात फिरत असतो. माकड हे या आजाराला बळी पडणारे आणि त्याचा फैलाव वाढवणारे जनावर आहे. माकड मेले, की त्याच्या अंगावरच्या संसर्ग झालेल्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढा परिसर धोक्याचा बनतो. प्लेगच्या उंदराची आणि पिसवांची कथा येथे माकडाच्या आणि गोचिडींच्या रूपाने पुन्हा घडते. फरक इतकाच, की माकडताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. तो पहिल्याच पायरीवर थांबतो, म्हणून त्यातून महासाथ उद्भवली नाही. रुग्णांपैकी सुमारे तीन ते पाच टक्के मात्र दगावतात.

हा आजार त्याच काळात का उफाळला, याचा विचार जॉर्ज बोशेल या संशोधकाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केला. त्या भागात लोकवस्ती वाढत होती, जंगल तोडून शेती होत होती आणि गुरांची संख्या वाढून ती जंगलात चरायला जात होती. गुरांना या विषाणूचा त्रास होत नाही. पण पूर्ण वाढ झालेल्या गोचिडींना रक्त मिळते ते गुरांच्या अंगावर. गुरे वाढली तशा गोचिडी वाढल्या आणि जंगलाच्या कडेला माणूस, गुरे व माकडे यांची गाठ पडण्याचे प्रसंगही वाढले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्तंगडी परिसरात काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगल तोडले गेले, तेव्हा तेथे या आजाराची मोठी साथ आली आणि रुग्णसंख्या हजारावर गेली.

शिमोग्याहून दोडामार्गपर्यंत

अनेक वर्षे हा आजार कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता मर्यादित असल्याचे मानले जात होते. २०१२ च्या अखेरीस बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली आणि त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच लागण झाली. पुढे केरळमधील वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुका आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही त्याने शिरकाव केला.

कोकणातील परिस्थिती समजून घेतली, तर सूचना देणे आणि ती पाळणे यांत किती अंतर असते ते कळते. अर्भकावस्थेतील गोचिडी, ज्या माणसाला सर्वाधिक चावतात, साधारण डिसेंबर ते मे या काळात सक्रिय असतात. नेमक्या याच महिन्यांत काजूचा हंगाम असतो. बोंडू गळून पडले, की ते पालापाचोळ्यातून वेचावे लागतात. भाजावळीसाठी पातेरा गोळा करायचा असतो, सरपण आणायचे असते, गुरे रानात न्यायची असतात. वर्षाची कमाई ज्या बागेत पडलेली आहे, त्या बागेत जाऊ नका, असे सांगून कोणी ऐकत नाही आणि त्याला हटवादी म्हणणेही अन्यायाचे ठरेल.

म्हणून उपाय असे हवेत, की काम सुरू ठेवून ते पाळता येतील. अंगभर कपडे, हातापायांना गोचीड प्रतिबंधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने स्नान, कपडे गरम पाण्यात धुणे आणि गुरांच्या अंगावरील गोचिडींचा बंदोबस्त हे त्यांतले प्रमुख. परंतु या सर्वांची सुरुवात एका बातमीपासून होते: अमुक ठिकाणी माकड मेले आहे. ती वेळेवर मिळाली, तर मृत माकडाची सुरक्षित विल्हेवाट लावता येते, त्या परिसरात कीटकनाशक भुकटी टाकता येते आणि तेथील तापाच्या रुग्णांची तातडीने तपासणी करता येते. बातमी आठवडाभराने मिळाली, तर गोचिडी केव्हाच पांगलेल्या असतात.

लसीवर विसंबून राहण्याची सोय सध्या नाही. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेल्या लसीचे अनेक डोस घ्यावे लागत आणि तरीही संरक्षण पुरेसे मिळत नसे. तिचा वापर अलीकडच्या वर्षांत थांबला असून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लसीवर काम चालू आहे. सहा दशकांहून जुन्या आजारावर अद्याप खात्रीची लस नाही, याचे एक कारण उघड आहे. तो ज्यांना होतो, ते लोक थोडे आणि गरीब आहेत.

डुकरे खोकत होती, फवारणी डासांवर झाली

प्राण्यांकडे न पाहण्याची किंमत काय असते, हे मलेशियाने अनुभवले. सप्टेंबर १९९८ पासून तेथील वराहपालकांत मेंदूज्वराचे रुग्ण आढळू लागले. डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वराचे निदान झाले; डासांवर फवारणी झाली, लसीकरणही झाले. पण काही गोष्टी या निदानात बसत नव्हत्या. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने लहान मुलांना होतो. येथे मात्र रुग्ण प्रौढ होते आणि बहुतेक डुकरांच्या संपर्कातले होते. लस घेतलेलेही आजारी पडत होते. मुख्य म्हणजे डुकरेच आजारी होती, मोठ्याने खोकत होती. जपानी मेंदूज्वराने मोठी डुकरे सहसा अशी आजारी पडत नाहीत.

मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील डॉ. चुआ काव बिंग यांनी नवा विषाणू शोधला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला निपाह हे नाव पडले. तोवर आजारी डुकरे एका भागातून दुसऱ्या भागात विकली गेली होती आणि सिंगापूरच्या कत्तलखान्यातील कामगारांपर्यंत लागण पोहोचली होती. मलेशियात २६५ जणांना लागण झाली, १०५ दगावले आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. विषाणूचे मूळ फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत होते. डुकरांच्या वाड्यांना लागूनच आंब्यासारखी फळझाडे लावलेली होती. वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाली पडत आणि डुकरे ती खात. शेतकऱ्याच्या दृष्टीने एकाच जागेत दोन उत्पन्ने देणारी ही व्यवस्था विषाणूला पूल बांधून देणारी ठरली.

सिलिगुडी आणि कोळिकोड

भारतात निपाहची पहिली साथ २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत आली. ६६ रुग्णांपैकी ४५ दगावले. बहुतेकांना लागण इस्पितळातच झाली होती आणि रोगाचे नेमके निदान मात्र काही वर्षांनी झाले.

मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड जिल्ह्यात चित्र वेगळे होते. एकाच कुटुंबातील दुसरी व्यक्ती सारख्याच लक्षणांनी आजारी पडताच डॉक्टरांना संशय आला. नमुने मणिपाल येथे आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले आणि काही दिवसांत निदान निश्चित झाले. दोन हजारांहून अधिक संपर्कातील व्यक्तींवर लक्ष ठेवण्यात आले. तरीही प्रयोगशाळेत निदान झालेल्या १८ पैकी १६ ते १७ जण वाचू शकले नाहीत. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुतुश्शेरी यांचाही त्यात अंत झाला. निदान होण्यापूर्वीच लागण इस्पितळात शिरली होती. २०२३ मध्ये याच जिल्ह्यात निपाह पुन्हा आला, तेव्हा सहा रुग्णांपैकी दोघे दगावले.

महाराष्ट्राने याकडे दूरची घटना म्हणून पाहण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी घेतले, तेव्हा त्यांत निपाहचा मागमूस आढळला. राज्यात या आजाराचा रुग्ण तेव्हा आढळलेला नव्हता, म्हणून घबराटीचेही कारण नाही. पण रुग्ण येण्याआधी विषाणूची चाहूल लागणे यालाच रोगसर्वेक्षण म्हणतात.

अशा बातम्या आल्या, की वटवाघळे मारा, झाडे तोडा अशी मागणी होते. युगांडातील किटाका खाणीत तसे करून पाहिले गेले. २००७ मध्ये तेथील कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाल्यानंतर खाणीतील वटवाघळांचा नायनाट करण्यात आला. काही वर्षांनी वटवाघळे परतली, तेव्हा त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण पूर्वीपेक्षा दुपटीहून अधिक होते आणि २०१२ मध्ये त्या देशात मारबर्गची साथ पुन्हा आली. याउलट बांगलादेशात खजुरीच्या रसातून निपाह पसरतो हे कळल्यावर रसाच्या मडक्यांना बांबूच्या कामट्यांचे आवरण बांधण्याचा उपाय सुचवला गेला. वटवाघूळ जिवंत राहते, रस स्वच्छ राहतो आणि खर्चही नगण्य.

नवापूरचा धडा

प्राण्यांतील आजाराची बातमी वर का पोहोचत नाही, याचे उत्तर नवापूरने दिले. नंदुरबार जिल्ह्यातील या गावात २००६ च्या आरंभी कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा तो नेहमीचा राणीखेत रोग असावा असे समजले गेले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालाने देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तीन किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. देशभर चिकन आणि अंड्यांचे भाव कोसळले. माणसांत लागण आढळली नाही. पण कुक्कुटपालकांचे कर्ज, पिल्ले, खाद्य आणि बाजार सारेच एका आठवड्यात गेले. २०२१ मध्ये नवापुरात हा आजार पुन्हा आला आणि तीच कारवाई पुन्हा करावी लागली.

कोंबड्या मेल्याचे कळवले, तर राहिलेल्याही मारल्या जातील, ही भीती शेतकऱ्याच्या मनात असते आणि ती खोटी नाही. म्हणूनच नुकसानभरपाई हा केवळ दयेचा भाग नसून रोगसर्वेक्षणाचा भाग आहे. ती बाजारभावाच्या जवळ असली आणि लवकर हाती पडली, तरच पुढच्या वेळी बातमी लवकर येईल. लपवण्यात फायदा असेल, तर सर्वांत अद्ययावत प्रयोगशाळाही नमुन्याची वाट पाहत बसेल.

बर्ड फ्लूचा विषाणू दरम्यान स्वस्थ बसलेला नाही. २०२४ मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये पसरल्याचे उघड झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. तपासणीत कारण बर्ड फ्लूच असल्याचे निष्पन्न झाले. माणसांत सहज पसरण्याची क्षमता त्याने अद्याप मिळवलेली नाही. परंतु सस्तन प्राण्यांत त्याचा वावर जितका वाढेल, तितक्या बदलाच्या संधी त्याला मिळतील.

तीन खाती, एक आजार

आपल्याकडे यंत्रणा नाही असे नाही. माणसांतील साथींसाठी २००४ पासून एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम आहे. पुण्यात २०१२ पासून जैवसुरक्षेच्या सर्वोच्च, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. प्राण्यांच्या आजारांसाठी भोपाळची उच्च सुरक्षा संस्था आहे. ‘वन हेल्थ’ म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात बसवण्यात आली आणि त्याच उद्देशाने राष्ट्रीय मोहीमही आखली गेली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथविषयक करार स्वीकारला. त्यातही प्राण्यांपासूनच्या धोक्याचा प्रतिबंध हा विषय आहे.

अडचण जोडणीची आहे. मेलेले माकड वन खात्याच्या हद्दीत असते, गोचिडींनी भरलेले गुरू पशुसंवर्धन खात्याच्या कक्षेत येते आणि तापाने फणफणलेला माणूस आरोग्य खात्याकडे जातो. विषाणूला या हद्दी ठाऊक नसतात. तिन्ही खात्यांचे तालुका पातळीवरचे अधिकारी एकमेकांना नावाने ओळखतात का, मृत प्राण्याची खबर एकाला मिळाली तर उरलेल्या दोघांना त्याच दिवशी कळते का, वनरक्षकाकडे हातमोजे आहेत का आणि नमुना प्रयोगशाळेपर्यंत नेण्यासाठी शीतपेटी व वाहन आहे का, हे प्रश्न छोटे वाटतात. बंदीपूरला लागण झाली ती या छोट्या गोष्टींअभावीच.

शहरातील वाचकाला हे सारे दूरच्या रानातले वाटू शकते. पण २००९ मध्ये मेक्सिकोतून पुण्यात यायला विषाणूला काही महिने लागले. २०२० मध्ये त्याहून कमी. शहराची सुरक्षितता रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या दक्षतेवर अवलंबून आहे. त्या माणसाला त्या दक्षतेचा मोबदला मिळत नाही, उलट खबर दिल्याचा भुर्दंडच अनेकदा सोसावा लागतो. प्लेगच्या काळात उंदीर पडल्याचे पाहणारा माणूस स्वतःपुरता निर्णय घेऊन गाव सोडू शकत असे. आज काजूच्या बागेत मेलेले माकड पाहणाऱ्याला गाव सोडता येत नाही. त्याने फोन करायचा आहे. तो उचलला जाईल आणि त्याच दिवशी कोणी तरी बागेत पोहोचेल, एवढी खात्री त्याला देता आली, तर पुढच्या महासाथीच्या तयारीचा पहिला टप्पा पूर्ण झाला असे म्हणता येईल.